काका, काम मिळेल का?

सदर : मधली सुट्टी

मुलांनो,

दहावीचा शेवटचा पेपर झाला की घरोघरी एकच गंमत होते. पहिले दोन दिवस नुसती झोप. तिसऱ्या दिवशी टीव्ही. चौथ्या दिवशी मोबाईल. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी आई म्हणते, "अरे, नुसता लोळतोस काय? काहीतरी कर की!" पण काय करायचं, ते मात्र कुणीच सांगत नाही. निकाल लागायला वेळ असतो, अकरावीचे प्रवेश त्याच्याही नंतर. हातात दिवसच दिवस! मग एखाद्याच्या मनात येतं, या सुट्टीत रोज थोडा वेळ कुठं काम केलं तर? चार पैसे मिळतील. अकरावीची पुस्तकं तरी आपल्या पैशांची येतील.

असा विचार तुमच्या मनात कधी आला असेल, तर आजची मधली सुट्टी तुमच्यासाठी. आणि पाचवी-सहावीतल्या चिमण्यांनो, तुम्ही लगेच पान उलटू नका हं! तुमच्यासाठीही पुढं काहीतरी ठेवलंय.

आमच्या शाळेतून सातवी होऊन गेलेला एक मुलगा आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्याची धाकटी बहीण हे साप्ताहिक वाचते आणि मग घरात त्याची थट्टा होईल. आपण त्याला 'आपला गडी' म्हणू. दोन वर्षांपूर्वी त्यानं दहावीची परीक्षा दिली. वडील टेम्पो चालवतात, आई घरी शिवणकाम करते. कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून त्याला सायकल हवी होती. वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "बघू." आता 'बघू' या शब्दाचा अर्थ तुम्हा सगळ्यांना पाठ आहे! गड्यानं ठरवलं, सायकल आपणच घ्यायची. काम शोधायचं.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता तो किराणा दुकानात गेला. दुकानात ही गर्दी! मालकांनी मान वर न करताच सांगितलं, "नाही रे बाबा." मग मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तिथं विचारलं, "तुला काय येतं?" गडी म्हणाला, "काही पण करीन." मालक हसले. "काही पण करणारे लई आहेत. कामाचं काय येतं ते सांग." औषधाच्या दुकानात सांगितलं, इथं शिकलेला माणूस लागतो. चौथं होतं हॉटेल. ते म्हणाले, "ये की उद्यापासून! सकाळी सहाला यायचं, रात्री अकराला जायचं." गडी घाबरून घरी आला.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. तोंड एवढंसं. "बाई, कुणी घेतच नाही हो."

मी त्याला तीनच प्रश्न विचारले. तू किती वाजता गेलास? काय म्हणालास? आणि तुला काय येतं, हे कुणाला सांगितलंस का?

तो थोडा वेळ गप्प बसला. मग हसायला लागला. कारण उत्तरं त्याची त्यालाच सापडली होती. गर्दीच्या वेळी गेला, 'काम मिळेल का' एवढंच म्हणाला आणि स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाही. दुकानदारानं ओळखायचं तरी कसं?

मग आम्ही वहीचं एक पान घेतलं. मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं, 'मला काय येतं'. गडी म्हणाला, "मला काहीच येत नाही." असं प्रत्येकालाच वाटतं बरं का! पण लिहायला बसल्यावर यादी वाढत गेली. अक्षर चांगलं आहे. बेरीज-गुणाकार तोंडी येतात. इंग्रजी नावं वाचता येतात. आईमुळे कापड मोजता येतं. आणि वेळेवर जाता येतं. हे शेवटचं त्यानं लिहिलं नव्हतं, मी लिहायला लावलं. सात वर्षं तो शाळेत घंटेच्या आधी यायचा, ही काही लहान गोष्ट नाही.

उजव्या बाजूला लिहिलं, 'याची गरज कुणाला आहे'. इथं हंगामाचा विचार करायचा. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, म्हणून कापडाची दुकानं. आंब्याचे दिवस, म्हणून फळवाले. आणि मे-जून म्हणजे नवीन वह्या-पुस्तकांची धांदल, म्हणून पुस्तकांची आणि स्टेशनरीची दुकानं. प्रवेशाच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानांपुढेही रांगा लागतात. ज्याला माणसाची गरज आहे त्याच्याकडे गेलं, तर आपल्याला विनवण्या कराव्या लागत नाहीत.

शेवटी आम्ही बोलण्याची तालीम केली. अगदी गॅदरिंगच्या नाटकासारखी! मी दुकानदार झाले. गडी म्हणाला, "काका, नमस्कार. मी मारुतीच्या देवळामागे राहतो. दहावीची परीक्षा दिलीय. जूनपर्यंत सुट्टी आहे. रोज पाच तास काम करू शकतो. माझं अक्षर चांगलं आहे आणि हिशेब येतो. तुम्हाला हंगामापुरता मदतीला मुलगा हवा आहे का?" बस्, एवढंच. अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. पण या अर्ध्या मिनिटात समोरच्याला सगळं कळतं.

या वेळी तो सकाळी साडेअकराला गेला, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. दोन दुकानांत नकार मिळाला. पण एका ठिकाणी मालक म्हणाले, "आता नको, मे महिन्यात विचार." त्यानं ते वहीत लिहून ठेवलं. तिसरं होतं वह्या-पुस्तकांचं दुकान. तिथल्या शेठनी त्याच्यापुढे कागद ठेवला. "दोन डझन वह्या, पाच पेनं, एक कंपासपेटी. भाव हे असे. बिल कर." गड्यानं केलं. शेठनी बिल पाहिलं, अक्षर पाहिलं. म्हणाले, "उद्यापासून ये. सकाळी नऊ ते रात्री नऊ. पैशाचं नंतर बघू."

गडी उड्या मारत घरी! पण मुलांनो, इथंच जरा थांबायचं असतं.

आपल्या देशात मुलांच्या कामाबद्दल कायदा आहे. तो १९८६ साली झाला आणि २०१६ साली त्यात मोठा बदल झाला. तो काय म्हणतो ते नीट वाचा, कारण तो तुमच्यासाठीच केलेला आहे. चौदा वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर कोणत्याही मुलाला किंवा मुलीला नोकरीवर ठेवता येत नाही. दुकान असो, हॉटेल असो की कुणाच्या घरची धुणीभांडी असोत. ठेवलं, तर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. घरच्या कामात किंवा घरच्या धंद्यात हात लावायला हरकत नाही. पण तेही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याचं काम नसेल तरच.

चौदा ते अठरा या वयात काम करता येतं. पण खाणीत नाही, फटाके-स्फोटकं आणि पेट घेणाऱ्या पदार्थांच्या कामात नाही, कारखान्यातल्या धोकादायक कामात नाही. दुकानासारख्या ठिकाणीही वेळेचे नियम आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. मग किमान एक तास विश्रांती. विश्रांती धरून दिवसाचे एकूण सहा तास, त्यापुढे नाही. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी काम नाही. जादा वेळ थांबवून घ्यायचं नाही. आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी.

म्हणजे 'नऊ ते नऊ' कायद्यात बसत नव्हतं. मग काय, भांडायचं? छे! दुसऱ्या दिवशी गडी वडिलांना घेऊन गेला. वडिलांनी हात जोडून सांगितलं, "शेठ, पोरगं कामाला प्रामाणिक आहे. पण वय सोळा. कायद्यात बसेल तेवढंच काम करू द्या. आणि पैशाचं आजच बोलून टाकू, म्हणजे पुढं तुम्हालाही अवघड नको, आम्हालाही नको." शेठ जरा कुरकुरले. पण हंगाम तोंडावर आला होता, आणि अक्षर त्यांना आवडलं होतं! ठरलं ते असं : दहा ते एक काम, एक ते दोन जेवणाची सुट्टी, दोन ते चार काम. सोमवारी दुकान बंद, तीच सुट्टी. दिवसाचे तीनशे रुपये, दर शनिवारी हिशेब.

कामाला लागण्याआधी हे चार प्रश्न विचारायचेच. काम काय? वेळ कोणती? पैसे किती आणि कधी? सुट्टी कोणती? मोठ्या माणसाला पैशाचं विचारणं हा उद्धटपणा नाही. हसून, नम्रपणे, पण आधी विचारायचं. 'नंतर बघू' मधून पुष्कळ भांडणं जन्माला येतात. सरकार निरनिराळ्या कामांसाठी किमान वेतन ठरवून देतं, त्याची चौकशी वडीलधाऱ्यांनी करून ठेवावी. आणि एक छोटी डायरी ठेवा. तारीख, किती वाजता आलो, किती वाजता निघालो, किती पैसे मिळाले. चार रकाने, पुरे.

आता काम कसं झालं ते ऐका. पहिला आठवडा गड्यानं नुसती धूळ पुसली आणि गठ्ठे उचलले. त्याला वाटलं होतं, आपण ऐटीत गल्ल्यावर बसणार! पाय असे दुखायचे की रात्री आईनं तेल लावून दिलं. मग हळूहळू इयत्तेप्रमाणे पुस्तकांचे संच लावणं आलं. बिलं आली. एकदा एका बाईंना सुटे देताना त्यानं शंभर रुपये जास्त दिले. त्या निघून गेल्यावर लक्षात आलं. शेठ तेव्हा जेवायला गेले होते. सांगावं की गप्प बसावं? त्यानं शेठ आल्या-आल्या सांगितलं. शेठ रागावले, पण पैसे कापले नाहीत. म्हणाले, "यापुढं सुटे दोनदा मोजायचे. एकदा आपल्यासाठी, एकदा गिऱ्हाइकासमोर." आजही तो पैसे तसेच मोजतो.

आणखी एक गोष्ट घडली, ती त्याच्या आईनं मला सांगितली. संध्याकाळी वडील टेम्पो लावून आले, की हा आपणहून उठून पाण्याचा तांब्या द्यायला लागला. कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी पैसे हातात आले. त्यानं ते आईला दिले. आईनं देवापुढे ठेवले, मग मोजले, आणि त्यातले पन्नास रुपये त्याच्या हातावर ठेवून म्हणाली, "हे तुझ्या मनाचे." गडी सांगतो, ते पन्नास रुपये खर्चायला त्याला तीन आठवडे लागले!

डॉ. अब्दुल कलाम यांनाही त्यांची पहिली कमाई कधी विसरता आली नाही. ते लहान असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं. रामेश्वर स्टेशनावर गाडी थांबणं बंद झालं आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जाऊ लागले. त्यांचे चुलतभाऊ शमसुद्दीन गावात वर्तमानपत्रं वाटायचे. त्यांना गठ्ठे गोळा करायला मदतनीस हवा होता. ते काम छोट्या कलामांनी केलं आणि आयुष्यातली पहिली कमाई मिळवली. पुढं मोठे शास्त्रज्ञ झाल्यावर, जवळपास पन्नास वर्षांनी लिहितानाही त्यांना त्या पैशांचा अभिमान तसाच आठवत होता. त्यांच्याच वाढदिवशी, १५ ऑक्टोबरला, आपण शाळेत वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. तो काळ वेगळा होता, तेव्हा आजचे कायदे नव्हते. पण ते मूल कमावत होतं आणि शाळेतही जात होतं, हे लक्षात ठेवा. आता मी त्याच गोष्टीकडे येते.

जून आला. निकाल लागला होता, गड्याला त्र्याहत्तर टक्के मिळाले होते. सायकलीपुरते पैसे साठले, वर थोडे उरलेही. आणि एका दुपारी शेठ म्हणाले, "कॉलेजला जाऊन काय करणार? इथंच राहा. कायद्यात बसेल तेवढेच तास कर, महिन्याला आठ हजार देतो. पुढं वाढवू."

आठ हजार! मुलांनो, ज्या घरात आई एक ब्लाऊज शिवून किती मिळाले याचा हिशेब ठेवते, त्या घरात आठ हजार म्हणजे काय, ते मी सांगायला नको. गडी घरी काही बोलला नाही. दोन रात्री नुसता कूस बदलत राहिला. वडिलांना सांगितलं असतं तर ते 'नको' म्हणाले असते, पण किती जड मनानं म्हणाले असते, तेही त्याला कळत होतं.

त्या दुकानात एक जुने काका आहेत. सगळ्या पुस्तकांच्या जागा त्यांना डोळे मिटून ठाऊक. तिसऱ्या दिवशी कंपनीचं एक इंग्रजी पत्र आलं. काकांनी ते हळूच गड्यापुढे सरकवलं. "वाच रे जरा. काय लिहिलंय?" गड्यानं वाचून अर्थ सांगितला. मग त्यानं सहज विचारलं, "काका, तुम्ही इथं कधीपासून आहात?"

काका पत्राची घडी घालत म्हणाले, "नववीच्या सुट्टीत आलो होतो. मी पण दोन महिन्यांसाठीच आलो होतो."

बस्. काका पुढं काही बोलले नाहीत आणि गड्यानंही काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी त्यानं शेठना सांगितलं, "शेठ, मी कॉलेजला जाणार. रविवारी सुट्टी असते. तुम्हाला चालत असेल तर तेवढा एक दिवस येईन." शेठ थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ये."

काकांचं काम हलकं आहे, असं मी म्हणत नाही हं! त्यांच्यावाचून ते दुकान एक दिवस चालणार नाही. पण त्यांना निवडायला मिळालं नव्हतं. गड्याला मिळालं, आणि ते त्यानं ओळखलं.

कर्मवीर भाऊराव पाटील तुम्हाला माहीत आहेतच. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढं १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढलं. सर्व जातींची मुलं तिथं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची आणि स्वतःची कामं स्वतः करायची. एकदा तर मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथं मुलं श्रम करून शिकू लागली. 'कमवा आणि शिका' ही योजना ती हीच. आज पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही 'कमवा आणि शिका' आहे. गरजू विद्यार्थी कॉलेजातच काही तास काम करतात आणि त्याचे पैसे मिळवतात. बारावीनंतर तुम्हाला गरज पडली, तर कॉलेजात याची चौकशी जरूर करा.

'कमवा आणि शिका' या तीन शब्दांतला सगळ्यांत मोठा शब्द कोणता, सांगा बघू? माझ्या मते 'आणि'! हा छोटासा शब्द निसटला, की मागं नुसतं 'कमवा' उरतं. पहिलं काम शोधताना हा 'आणि' खिशात घट्ट धरून ठेवा.

आता मुलींनो, तुमच्याकडे वळते. काम शोधायचा विचार निघाला, की घरात मुलाला म्हणतात, "जा, शिकशील काहीतरी." आणि मुलीला म्हणतात, "तू घरातलं बघ." असं का बरं? आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, तेव्हा नववीत होती. मेंदी फार सुरेख काढते. लग्नसराईत तिला सगळीकडून बोलावणी यायची. चार-चार तास वाकून मेंदी काढायची आणि शेवटी कुणीतरी गाल ओढून म्हणायचं, "हौसेनं काढलीस गं!" पैसे मागायची तिला लाज वाटायची. ओळखीतलीच माणसं ना! मग तिच्या मावशीनं एक युक्ती सांगितली. एका पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात दर लिहायचे : एका हाताचे इतके, दोन्ही हातांचे इतके, नवरीचे इतके. मेंदीचे कोन बाहेर काढताना तो पुठ्ठा शेजारी ठेवायचा. तोंडानं काही बोलायलाच नको! पहिल्या दिवशी एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, दुकानच मांडलंस की!" पण पैसे दिले. आणि पुढच्या लग्नाला तिलाच बोलावलं. मोठी माणसं सोबत असतील तिथंच जायचं आणि सातच्या आत घरी, हा तिच्या आईचा नियम. तो मात्र मुलगी असो की मुलगा, दोघांनाही चांगला.

काही धोक्याच्या पाट्याही दाखवते. 'घरबसल्या रोज हजार रुपये मिळवा' असा निरोप मोबाईलवर आला, की समजायचं, दाल में कुछ काला है. जो काम देण्याआधी आपल्याकडूनच पैसे मागतो, तो काम देणारा नव्हेच. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. आपलं बँकखातं दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही. शाळेचा मूळ दाखला किंवा मूळ आधार कार्ड मालकाकडे ठेवायचं नाही. लागली तर झेरॉक्स द्यायची. बाबांची दुचाकी घेऊन पार्सलं पोचवायची कामं अठराच्या आत नकोच. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडी सापडली, तर २०१९ पासूनच्या कायद्यानं पालकांना किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कामाच्या ठिकाणी कुणी मारलं, कोंडलं, नको तसा हात लावला, तर त्याच क्षणी तिथून निघायचं. घरी सांगायचं. घरी सांगता येत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर फिरवायचा. त्याला पैसे पडत नाहीत.

हं, आता माझी छोटी मंडळी! तुमचं वय चौदाच्या आत, म्हणून नोकरी नाही. पण कमाई काय असते, हे तुम्हीही शिकू शकता. स्काऊट-गाईडमधल्या मुलांना 'खरी कमाई' ठाऊक आहे. शाळेत आनंद बाजार भरतो, तेव्हा भेळेचा किंवा भाजीचा ठेला लावता ना? मग या वेळी एक करा. आईकडून किती रुपयांचं सामान आणलं, विक्री किती झाली, सामान वजा जाता हातात काय उरलं, ते पाटीवर मांडा. पुष्कळांना वाटतं, गल्ल्यात दोनशे रुपये जमले म्हणजे दोनशे कमावले. कांदे, कोथिंबीर आणि शेव काय फुकट आली? दिवाळीत घरच्यांबरोबर आकाशकंदील करा, पणत्या रंगवा. आणि दहा वर्षं पूर्ण झाली असतील, तर बँकेत किंवा पोस्टात स्वतःच्या नावावर, स्वतःच्या सहीनं चालणारं बचत खातं उघडता येतं. सही मात्र रोज बदलायची नाही हं!

पालकांसाठी चार ओळी. सुट्टीत काम करायचं म्हटल्यावर काही घरांत म्हणतात, "आम्ही मेलोय का? लोक काय म्हणतील?" तर काही घरांत मुलाचे पैसे सुरू झाले की ते महिन्याच्या खर्चात धरले जातात, आणि मग ते थांबवणं जड जातं. दोन्ही टाळावं, ही विनंती. पहिल्या दिवशी मुलाबरोबर जाऊन जागा आणि माणसं पाहावीत. त्याच्या कमाईतला थोडा तरी भाग त्याच्या नावावर ठेवावा. आणि शाळा-कॉलेज कोणत्या तारखेला सुरू होणार, ते कामाच्या पहिल्याच दिवशी मालकांना सांगून टाकावं. घरात खरोखरच ओढ असेल, तर आधी शाळेत येऊन शिक्षकांशी बोलावं. फी, पुस्तकं, शिष्यवृत्ती यांत काही ना काही मार्ग निघू शकतो. मुलाची शाळा सोडवणं हा पहिला उपाय ठरू नये.

या आठवड्याचा उपक्रम सोपा आहे. वहीचं एक पान घ्या. मधोमध रेघ मारा. डावीकडे 'मला काय येतं' लिहा. किमान सात गोष्टी हव्यात. 'काहीच येत नाही' असं लिहिणाऱ्याचं पान मी तपासणार नाही! उजवीकडे 'याची गरज कुणाला आहे' लिहा. आणि घरात आई, बाबा, आजोबा, आत्या, जे कुणी असतील, त्यांना एक प्रश्न विचारा : "तुमची पहिली कमाई किती होती, आणि तिचं तुम्ही काय केलं?" उत्तर पानाच्या मागच्या बाजूला लिहा. रात्री जेवताना विचारलंत तर जेवण लांबेल, पण चालेल.

चला, घंटा झाली. डबे आवरा, हात धुवा आणि रांगेत वर्गात चला!

तुमच्या,
बाई